नवी बॅटरी आणि एक गंजलेला बोल्ट

माझी एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, एका सकाळी सुरू होईना. बटण दाबले की रिलेतून (स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या स्विचमधून) टक-टक-टक असा आवाज येई आणि दिवे मंदावत. बॅटरी तीन वर्षांची झालेली होती, त्यामुळे फार विचार न करता मी नवी बॅटरी आणून बसवली. गाडी चार दिवस नीट सुरू झाली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच आवाज आला. त्यानंतर मल्टिमीटर घेऊन बसलो, तेव्हा दोष इंजिनाच्या केसिंगवर आवळलेल्या अर्थच्या वायरीत निघाला. तिच्या बोल्टाखाली चिखल आणि गंज यांचा जाड थर साचला होता. तो खरवडून बोल्ट पुन्हा घट्ट करायला दहा मिनिटे पुरली. जुनी बॅटरी चांगली होती, हे मला तिच्या जागी नवी बसवल्यानंतर समजले. तेव्हापासून कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी एक तरी मोजमाप घ्यायचे, ही सवय मी लावून घेतली आहे, आणि पुढे लिहिलेले बरेचसे त्या सवयीतूनच आलेले आहे.

बॅटरीची तपासणी तीन टप्प्यांत करावी. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर १२ व्होल्टांच्या चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२ किंवा त्याहून कमी आकडा दिसला तर ती उतरलेली आहे आणि चार्ज केल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. दुसऱ्या टप्प्यात कोणाला तरी बटण दाबायला सांगून मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर धरावा. स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, फिरत असताना आकडा साडेनऊच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरीच थकली आहे असे मानायला हरकत नाही. तिसरा टप्पा मी त्या वेळी वगळला होता: मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा बटण दाबायचे. वायर चांगली असेल तर तेथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसतात. माझ्याकडे दोनपेक्षा अधिक दिसले, म्हणजे स्टार्टरला मिळायला हवा तो विजेचा दाब त्या गंजातच खर्ची पडत होता. धन बाजूलाही बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून स्टार्टरपर्यंत हीच चाचणी करता येते. इंजिन सुरू झाल्यावर, थोडा थ्रॉटल दिल्यानंतर, बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर चार्जिंगच होत नाही आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरणार.

बटण दाबल्यावर टक असा आवाजही येत नसेल, तर दोष बहुधा फ्यूज, किल स्विच (इंजिन बंद करण्याचा स्विच), ब्रेकचा स्विच किंवा न्यूट्रलचा स्विच यांपैकी एकात असतो. अनेक गाड्यांमध्ये ब्रेक दाबलेला नसेल किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर स्टार्टरला वीजच पोहोचत नाही, आणि ब्रेकच्या लिव्हरखालचा तो इवलासा स्विच चिखलाने सहज अडकतो. तो हाताने दोन-चार वेळा दाबून पाहावा.

स्टार्टर जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशी स्थिती असेल तर स्पार्क प्लग काढून पाहणे हा सर्वांत जलद मार्ग आहे. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक चालले आहे. काळी भुसभुशीत काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरे, कोरडे टोक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. आणि टोक ओले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही. ओला प्लग पुसून, कॅपमध्ये घालून, इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहता येते, मात्र त्या वेळी प्लगचे भोक फडक्याने झाकलेले असावे आणि पेट्रोलची वाफ आसपास साचलेली नसावी, याची काळजी घ्यावी. ठिणगी दिसली नाही तर प्लगला वीज देणारी कॉइल बदलण्याआधी प्लगची कॅप आणि तिच्यातील वायरीचे टोक पाहावे, कारण ओलावा प्रथम तेथेच शिरतो.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांचे एक लक्षण इतके ठरलेले आहे की त्यावरून निदान जवळजवळ न उघडताच करता येते. चोक ओढलेला असेपर्यंत इंजिन चालते आणि चोक आत ढकलला की बंद पडते, असे होत असेल तर पायलट जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी, तुंबलेला असतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बाउलमधील (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतील) पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. पायलट जेटचे छिद्र केसासारखे बारीक असल्यामुळे सर्वांत आधी तेच बंद होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीला ते अधिक त्रासदायक ठरते. जेट कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावा. सुई किंवा तार घालून नव्हे, कारण छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे गणित कायमचे बिघडते. मी एकदा तार वापरली आहे आणि त्यानंतर नवा जेट घेतला आहे. गाडी उभी करून ठेवण्यापूर्वी बाउलच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाकले, तर हे सारे टळते. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का, एवढे आधी ऐकावे. ती येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा.

इंजिन जोरात ओरडते आणि गाडी जागची हलत नाही, हे ऑटोमॅटिक एटीव्हीचे खास दुखणे आहे, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा बेल्टच्या कव्हरमध्ये शिरलेल्या पाण्यात असते. या गाड्यांमध्ये दोन पुलींच्या मध्ये एक रुंद रबरी बेल्ट असतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, तिच्या दोन चकत्या जवळ येतात आणि बेल्ट वरच्या घेऱ्यावर चढतो. मागच्या पुलीत नेमके याच्या उलट घडते. ही सारी रचना घर्षणावर उभी असल्याने तेथे पाणी गेले की बेल्ट नुसता घसरतो. कव्हरच्या तळाशी निचऱ्याचे बूच असते. ते काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, काही वेळा हलका थ्रॉटल दिला की पाणी बाहेर पडते आणि बेल्ट वाळतो. तेवढा धीर न धरता घसरत्या बेल्टवरच गाडी रेटली, तर बेल्ट तापून गुळगुळीत आणि चकचकीत होतो, आणि एकाच जागी घासला गेला तर तेथे खड्डा पडतो. मग चालताना प्रत्येक फेऱ्याला ठकठक जाणवते. चढावर किंवा ओझे ओढताना लो गिअर न वापरणे हेही बेल्ट जळण्याचे नेहमीचे कारण आहे. नवा बेल्ट बसवताना त्यावर बाण असेल तर त्याची दिशा पाळावी आणि चकत्यांना तेलकट हात लागू देऊ नये.

पाण्याचा दुसरा, अधिक गंभीर प्रकार म्हणजे इंजिनातच पाणी जाणे. खोल पाण्यात गाडी अचानक बंद पडली तर पुन्हा बटण दाबण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्रथम प्लग काढावा, मग स्टार्टर फिरवून पाणी भोकातून उडून जाऊ द्यावे, एअर फिल्टरचा डबा रिकामा करावा आणि इंजिन ऑइल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर बदलावे, इंजिन थोडे चालवून पुन्हा पाहावे आणि दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा बदलावे. डिफरन्शियलचे (एक्सलवरच्या गिअरपेटीचे) तेलही याच वेळी तपासावे. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचे तेल लावून बसवावा. पेट्रोलने धुण्याची पद्धत फोमलाही मारक आहे आणि धुणाऱ्यालाही.

इंजिन तापत असेल तर कूलंट आणि पंख्याचा फ्यूज पाहावाच, परंतु त्याआधी रेडिएटरच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. वाळलेला चिखल समोरून नव्हे तर पंख्याच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढावा. जोरदार फवाऱ्याने पातळ पट्ट्या आडव्या होतात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

चाकांसाठी गाडी भक्कम स्टँडवर उचलून घ्यावी, केवळ जॅकवर नव्हे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावे-उजवे धरून हलवल्यावर जाणवला तर बहुधा टाय रॉडचे (सुकाणूपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचे) टोक, आणि दोन्ही दिशांना सारखाच जाणवला तर बेअरिंगच. वळताना कटकट आवाज येत असेल तर एक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटून ग्रीस बाहेर गेलेले असते. बूट फाटल्या दिवशीच बदलला तर सांधा वाचतो. आवाज येईपर्यंत थांबले तर सांध्यासकट बदलावा लागतो. ब्रेकचे पॅड चिखलात फार लवकर झिजतात, म्हणून ते दर वेळी धुतल्यानंतर डोळ्यांनी पाहावेत.

गाडी एका बाजूला ओढते, अशी तक्रार असेल तर सुकाणूला हात लावण्याआधी टायरांतील हवा मोजावी. या टायरांत अनेकदा अवघी ५ ते ७ पीएसआय हवा असते, आणि मोटारीच्या गेजवर तो आकडा वाचताही येत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. माझ्या गाडीत डाव्या पुढच्या टायरात ३ आणि उजव्या टायरात ६ पीएसआय निघाली होती, आणि मी तोवर टाय रॉड दोनदा जुळवून झाला होता.