नाव तरी माहीत शे का?

काल आक्कांच्या मळ्यात भरीत होतं. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी. सगळं झकास चाललं होतं आणि आक्कांनी मध्येच विचारलं, "त्या पोरेस्ले तुनं नाव तरी माहीत शे का वं?"

नेहमीचा प्रश्न असता तर उत्तर तयार होतं. आपली धडगाव-अक्कलकुव्याची पोरं सोडून नैरोबीतल्या शाळेला पैसे कशाला, हे नात्यातल्या प्रत्येकाचं विचारून झालंय. त्यावर मी भांडतेसुद्धा. हा प्रश्न मात्र नवीन होता. मी भाकरी मोडत बसले.

नाही माहीत. कसं असणार? नैरोबीच्या मुकुरू झोपडपट्टीतल्या शाळेच्या त्या पत्र्याच्या खोल्यांत शेवटची गेले तेव्हा हे बरोबर होते. पाऊस असा वाजत होता की बाईंनी बोलणं सोडून सगळं फळ्यावर लिहिलं, आणि हे... असो. आता तिकडे फक्त पैसे जातात. ट्रस्ट काढला नाही, कारण देशाबाहेर केलेल्या खर्चावर खास मंजुरीशिवाय ट्रस्टला करसवलत नाही. म्हणून माझ्याच खात्यातून, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून. काउंटरवरचा मुलगा दर वेळी विचारतो, "काकू, पर्पज काय?" केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, हे त्यानं गुगलवर वाचलंय. वस्तीजवळ पुरेशा सरकारी शाळाच नाहीत, हे मी सांगते. सकाळची उजी म्हणजे मक्याची पेज, दुपारचं मका-घेवड्याचं गिथेरी, बायांचे पगार, हेही सांगते. मागे रांग कुरकुरते.

रात्री झोप नाही. साडीची किंमत बघून घडी परत ठेवणारी मी, आणि एकाही पोराच्या तोंडी माझं नाव नाही. इतकं लागावं का? लागलं. नाव व्हावं म्हणून केलं होतं का? नव्हतं. मग? मग काय, लागलं.

सकाळी न राहवून तिकडच्या बाईंना व्हॉट्सअॅप केलं. त्यांचं उत्तर रोखठोक: मुलं सुट्टीवर आहेत. भाडं परवडेना झालं की घरं दुसरीकडे हलतात, त्यामुळे जानेवारीत वर्गात बरेच चेहरे नवे असतील. आणि मुलांना नाव पाठ असतं ते पेज वाढणाऱ्या मावशीचं.

हसूच आलं. मी अमळनेरला प्रताप कॉलेजात शिकले. मिल प्रतापशेठांची, कॉलेजला नाव त्यांचं, १९१६ सालचं तत्त्वज्ञान मंदिरही त्यांचंच. "प्रतापला चालले" म्हणत रोज घराबाहेर पडायचे. त्यात शेठजी कधी आठवले? कॅन्टीनवाल्या काकांचं नाव मात्र अजून लक्षात आहे, आणि त्यांच्याकडची उधारीसुद्धा. शेठजींची ही गत, तर माझी काय कथा!

तरी बाईंना लिहावंसं वाटलंच, की निदान मावशींना तरी माझं नाव सांगून ठेवा. अर्धं टाइपही केलं, मग पुसलं. त्यांच्या मेसेजमध्ये खाली मका महाग झाल्याचं होतं. तेवढ्याचं उत्तर दिलं: सोमवारी बँकेत जाते, वाढीव पाठवते.