कळतंय वो मॅडम, पर हात तिकडंच जातोय

मी कोल्हापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या टेस्ट घेणं हे रोजचं काम. पण गेल्या पावसाळ्यातला एक दिवस मनातून जातच नाही म्हणून लिहितेय. पेशंटची ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गुळाचे व्यापारी, पंचेचाळिशीचे, मार्केट यार्डात सौद्याला उभे राहणारे. आठ महिन्यांपूर्वी गाडीवरनं पडले, हेल्मेट नव्हतं, दोन दिवस बेशुद्ध, मग शुद्धीवर आले, चालायला बोलायला लागले, घरी गेले. सगळे म्हणाले अंबाबाईची कृपा. आणि तिथनं पुढं घराची घडी विस्कटत गेली. कोणी दुप्पट करून देतो म्हणाला की त्याला पैसे, रात्रभर मोबाईलवर रमी, भाव पडत असताना उधारीवर माल उचलायचा, आणि वहिनी रडून बोलल्या की "उद्यापास्नं बंद" म्हणायचं, ते पण मनापासून. धाकटा भाऊ सोबत आलेला, तो तर सरळच म्हणाला, "मॅडम, ह्येला काय झालेलं न्हाई, माज आलाय नुसता."

आणि टेस्ट घेतल्या तर भावाचंच खरं वाटावं! स्मरणशक्ती उत्तम, आयक्यू सरासरीच्या वर, तोंडी हिशेब तर असे की मी कागदावर करेपर्यंत ह्यांचं उत्तर तयार. मी रिपोर्टात नॉर्मल लिहिणारच होते, तेवढ्यात वहिनी सहज बोलून गेल्या की परवा आमटी करपून घरभर वास सुटला आणि हे शेजारच्या खोलीत शांत बसलेले. मी विचारलं, "दादा, गुळाचा वास येतो का तुम्हाला?" बराच वेळ गप्प. मग हळू आवाजात, "अपघातापास्नं न्हाई येत. कुणाला बोललो न्हाई. गुळाचा रवा (ढेप) फोडायचा, रंग बघायचा, आन् वास घेतल्यासारखं करायचं."

इथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वासाच्या नसा मेंदूच्या पुढच्या भागाच्या अगदी खालून जातात, डोळ्यांच्या खोबणीच्या बरोबर वर, आणि तिथलं हाड खडबडीत असतं, जोरात हिसका बसला की मेंदू त्यावर घासतो. तोच भाग म्हणजे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. कशातून काय मिळेल, किती मिळेल, आणि मिळायचं बंद झालं तर आता त्याची किंमत काय, हा भाव सतत बदलत ठेवण्यात त्याचा मोठा वाटा. एका अर्थानं डोक्यातला सौदाच तिथं चालतो. जुना एमआरआय परत काढून बघितला तर दोन्ही बाजूंना तिथंच जखमेचे व्रण.

मग मी पत्त्यांची टेस्ट काढली. १९९४ साली अमेरिकेत आयोवाला बेकारा, दामासिओ वगैरे मेंदू-संशोधकांनी मांडलेली. चार गठ्ठे, सुरुवातीला २००० उसने (मी रुपये म्हणते), एकूण १०० पत्ते उचलायचे. पहिल्या दोन गठ्ठ्यांत प्रत्येक पत्त्याला १०० मिळतात पण मधेच असा दंड बसतो की १० पत्त्यांमागं २५० चा तोटा, उरलेल्या दोघांत ५०च मिळतात पण १० पत्त्यांमागं २५० उरतात. धडधाकट माणूस थोडे फटके खाल्ले की चांगल्या गठ्ठ्यांकडं वळतो, आणि गंमत म्हणजे त्याला तोंडानं सांगता यायच्या आधीच वाईट गठ्ठ्याकडं हात नेताना तळहाताला बारीक घाम सुटायला लागतो. हा भाग दुखावलेल्यांना तो घामच सुटत नाही.

साठाव्या पत्त्याच्या आसपास दादा स्वतःहून म्हणाले, "ह्ये पयले दोन गठ्ठे लबाड हाईत. बुडवत्यात." अगदी बरोबर. आणि पुढचा पत्ता पहिल्याच गठ्ठ्यातनं उचलला. त्याच्या पुढचा पण. कोपऱ्यातनं भाऊ ओरडला, "दादा, सोड की त्यो!" तेव्हा ते हाताकडं बघत म्हणाले, "कळतंय वो मॅडम, पर हात तिकडंच जातोय."

मी पेन खाली ठेवलं. शिकताना फिनिअस गेज वाचलेला, १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासायची लोखंडी पहार डोक्यातनं आरपार गेली तरी जगला, पण ओळखीचे म्हणायचे हा आमचा गेज नव्हे. वाचलेलं वेगळं आणि समोर बसलेला माणूस वेगळा.

वहिनींनी एकच विचारलं, "म्हंजे हे मुद्दाम करत न्हाईत?" नाही म्हटलं, तर पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग मी समजावलं की निश्चयावर भिस्त ठेवू नका, बाहेरनं कुंपण घाला. रमीचं अ‍ॅप काढा, बँकेत दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत, मोठा व्यवहार एक रात्र थांबवून मगच.

भाऊ मान खाली घालून ऐकत होता. निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "दादा, उद्या सौद्याला मी येतो तुझ्यासंगं."

"ये," दादा म्हणाले, "वास तू घे, रंग मी बघतो."