पुढच्या वर्षाचे पुढच्या वर्षी बघू

अमेरिकेतले शार्लट हे बँकांचे शहर आहे. कर्ज देताना पुढच्या दहा वर्षांत काय काय बिघडू शकते याचा हिशेब मांडणे हा इथल्या हजारो लोकांचा, आणि त्यांच्यात माझाही, पोटापाण्याचा उद्योग आहे. म्हणूनच दर एप्रिलमध्ये ड्राफ्टचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा, विषय निघाला की हीच मंडळी ज्या भावाने भविष्य विकायला निघतात, ते ऐकून मी अजूनही चक्रावतो. ज्यांच्या सहीशिवाय मोठ्या कर्जाची फाइल पुढे सरकत नाही, अशा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी या एप्रिलमध्ये जेवताना अगदी सहज सुचवले की आमच्या कॅरोलायना पँथर्स या संघाने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकावी आणि या ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक घ्यावा. पुढच्या हंगामात आपण जिंकणारच आहोत, तेव्हा ती निवड तशीही तळातली असेल, असे त्यांचे म्हणणे.

आयपीएलचा लिलाव तोंडपाठ असलेल्या वाचकांना एवढेच सांगायला हवे की इथे बोली लागत नाही, पाळी लागते. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३२ संघ आहेत, ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. मात्र ही पाळी विकता येते, आणि या वर्षीचीच नव्हे, तर पुढच्या वर्षांचीही विकता येते. आपण खेळाडूंचा जाहीर लिलाव करतो म्हणून इथले काही सहकारी नाक मुरडतात, तेव्हा मला आपल्या लिलावाची बाजू घ्यावीच लागते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दाच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी रुपये लावले, ते शहाणपणाचे होते की नाही यावर खुशाल वाद घालावा, पण ती बोली पंतच्याच नावावर लागली आणि ती त्या वेळी हातात असलेल्या पैशांतून लागली. पुढच्या लिलावाची थैली आधीच गहाण टाकून कोणाला बोली वाढवता येत नाही. इथे वरच्या क्रमांकासाठी मोजलेली किंमत खेळाडूला मिळतच नाही, ती समोरच्या संघाला मिळते. खेळाडूचा पगार क्रमांकानुसार जवळपास ठरलेला असतो आणि कोणत्या गावी जायचे याचा निर्णयही त्याच्या हाती नसतो. आपल्या पद्धतीत दोष भरपूर आहेत, पण निदान ज्याच्यावर बोली लागते त्याचे घर तरी भरते.

टेबलावरची बाकीची मंडळी त्या सूचनेला माना डोलावत होती, याचे मला जास्त आश्चर्य वाटले, कारण याच शहराने असा व्यवहार अलीकडेच पाहिला आहे. २०२२ च्या हंगामानंतर पँथर्सच्या वाट्याला ड्राफ्टमधला नववा क्रमांक आला होता. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी शिकागो बेअर्सकडून पहिला क्रमांक घेतला आणि त्या बदल्यात आपला नववा क्रमांक, एकसष्टावा क्रमांक, २०२४ ची पहिल्या फेरीतली निवड, २०२५ ची दुसऱ्या फेरीतली निवड आणि शिवाय डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, देऊन टाकला. अशा व्यवहारांसाठी इथे एक जुना तक्ता वापरतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तो तयार झाला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण आहेत, नवव्याला १३५०, एकसष्टाव्याला २९२. म्हणजे हातातले दोन क्रमांक मिळून १६४२ गुण झाले, आणि उरलेले १३५८ गुण मूर आणि पुढच्या दोन वर्षांच्या निवडी मिळून भरून निघाले, असे समजायचे. कागदावर हे सगळे अगदी चोख दिसते. त्या मार्चमध्ये आमच्या मजल्यावर हा तक्ता छापून भिंतीवर लावला होता आणि लोक त्याच्यापुढे चहाचे कप घेऊन उभे राहत असत.

पुढे काय झाले ते इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पँथर्सने अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ब्राइस यंग निवडला. लगेच दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने सी. जे. स्ट्राउड घेतला आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. पँथर्सने १७ पैकी १५ सामने गमावले. एवढे वाईट दुसरे कोणीच खेळले नाही, त्यामुळे २०२४ चा पहिला क्रमांक खरे तर त्यांचाच होता, पण तो आधीच शिकागोला लिहून दिलेला होता. शिकागोने त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला. मूरने तर शिकागोत पहिल्याच हंगामात १३६४ यार्ड मिळवले.

आता याला दुर्दैव म्हणायचे का? माझ्या सहकाऱ्यांचे मत तसेच आहे: क्रमांक बरोबर घेतला, माणूस चुकला. मला ते पटत नाही. थेलर आणि मॅसी या दोन अभ्यासकांनी, ज्यांपैकी रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासून दाखवले की एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के असते. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी, एवढीच. तरीही दर वर्षी प्रत्येक संघाला वाटते की आपल्याला मात्र नेमके कळले आहे.

त्याहून मोठी अडचण कर्जाच्या कोणत्याही कारकुनाला दिसावी अशी आहे. दुबळा संघ पुढच्या वर्षीची निवड देतो, तेव्हा तो ठरावीक रक्कम देत नसतो. तो जितका वाईट खेळेल तितकी त्या निवडीची किंमत वाढते. यंग पहिल्याच वर्षी चमकला असता तर शिकागोला विसावा-पंचविसावा क्रमांक मिळाला असता, तो चमकला नाही म्हणून पहिला मिळाला. कर्जदाराची पत घसरली की त्याचे देणेही वाढते, अशा रचनेचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला तर मी तो वाचूनसुद्धा पूर्ण करणार नाही, आणि माझे वरिष्ठही करणार नाहीत. पण रविवारची जर्सी अंगावर चढली की त्याच वरिष्ठांना पुढच्या वर्षीची निवड फुकटची वाटू लागते.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्यावरून दहाव्या क्रमांकावर येऊन त्याला घेतले, त्यासाठी बफेलोला पुढच्या वर्षीची पहिली फेरीही दिली, आणि पुढे त्याने संघाला विजेतेपदे मिळवून दिली, हा इतिहास इथे सर्वांना ठाऊक आहे. मी हे नाकारत नाही. नवोदित क्वार्टरबॅकचा पगार चार वर्षे बेताचा राहतो आणि यशस्वी क्वार्टरबॅकला पुढे वर्षाला ५ कोटी डॉलरहून अधिक द्यावे लागतात, तेव्हा हा मोह समजण्यासारखाच आहे. पण कॅन्ससने आदल्या हंगामात १६ पैकी १२ सामने जिंकले होते, त्यांच्याकडे अनुभवी क्वार्टरबॅक होता, आणि माहोम्सला पहिल्या वर्षी जेमतेम एक सामना मिळाला. ज्याचे घर भरलेले आहे त्याने पुढच्या वर्षातले थोडे उचलले तर बिघडत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागोने तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे केवळ एक पायरी, चढण्यासाठी तीन जादा निवडी देऊन मिचेल ट्रुबिस्की घेतला होता, हे उदाहरण मात्र जेवणाच्या टेबलावर कोणी काढत नाही. त्या वेळी ठेच लागलेलाच शिकागो सहा वर्षांनी विकणाऱ्याच्या खुर्चीत बसला होता.

आणि देणे फेडायला कोण उरते? २०२३ चा हंगाम संपण्याआधीच पँथर्सचे प्रशिक्षक फ्रँक राइक यांना काढले आणि हंगाम संपताच व्यवस्थापक स्कॉट फिटरर यांनाही. ज्यांनी भविष्य लिहून दिले, ते त्या भविष्यात हजरच नव्हते. मीसुद्धा पुण्यातली सरकारी बँकेतली, पेन्शनची नोकरी सोडून इथे आलो, तेव्हा वडिलांनी असाच कागद-पेन्सिलचा हिशेब मांडला होता. पण मी गहाण टाकले ते माझेच भविष्य होते आणि हप्ते भरायला मीच इथे आहे, त्यामुळे या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही. त्यांच्या उतारवयातली वर्षे त्या हिशेबात कोणत्या रकान्यात धरायची, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही काढले नाही.

वर सरकण्याला माझा सरसकट विरोध नाही, हे मी त्या दिवशी टेबलावर सांगितले. २०२४ मध्ये पँथर्सने तेहतिसाव्यावरून बत्तिसाव्यावर येऊन रिसीव्हर झेव्हियर लगेट घेतला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षी राखण्याचा हक्क संघाला मिळतो आणि दुसऱ्या फेरीतल्याला मिळत नाही, म्हणून त्या एका पायरीला अर्थ होता, आणि तिच्यासाठी पहिल्या-दुसऱ्या फेरीतले काहीही जादा द्यावे लागले नाही. असा प्रस्ताव मी डोळे झाकून मंजूर करीन. वरिष्ठांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की असल्या व्यवहारासाठी कोणी रजा टाकून टीव्हीपुढे बसत नाही. रजेचा अर्ज त्यांनी आधीच दिला होता, आणि माझ्या शेजारी बसलेल्या दोघांनीही.