बोटीनंतरचा स्मॉल्स

शनिवार, रात्र

सध्या डोक्यात रॉबर्ट स्मॉल्स घोळतोय. त्याची बोटीची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती आहेच तशी. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू. १३ मे १८६२ ची पहाट, दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्स्टन बंदर. दक्षिणेच्या लष्कराच्या 'प्लँटर' बोटीचे गोरे अधिकारी रात्री घरी गेलेले. २३ वर्षांच्या या गुलाम सुकाणूवाल्याने कप्तानाची गवती टोपी चढवली, वाटेत बायकामुलांना घेतलं, किल्ल्यांसमोरून जाताना ठरलेल्या शिट्ट्या दिल्या. फोर्ट समटरच्या तोफांचा पल्ला संपल्यावर पांढरी चादर वर, आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली. सिनेमाच!

मला मात्र पुढच्या स्मॉल्सचं जास्त अप्रूप. ब्यूफर्टमध्ये ज्या मालकाच्या घरामागे तो जन्मला, ते घरच त्याने थकलेल्या कराच्या लिलावात विकत घेतलं. १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनाची घटना लिहायला बसला. मोफत सरकारी शाळा हा त्याचा आग्रह. १८७५ पासून, मधूनमधून पडत-उठत, पाचदा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. लाचखोरीचा खटला झाला, शिक्षा झाली, मग राज्यपालांची माफी. त्यात सूडाचं राजकारणच जास्त होतं, असं माझं मत.

पण १८९५! गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता पुढारी बेन टिलमन, त्याच्या मंडळींनी राज्याची पुन्हा घटना लिहायला घेतली, ती काळ्यांचं मत काढून घेण्यासाठीच. १६० प्रतिनिधींत काळे फक्त ६, त्यांत हा. मतदाराला घटनेतला उतारा वाचता यावा, नाहीतर ऐकून समजावा. समजला की नाही हे ठरवणार गोरा अधिकारी. मेख तिथेच. शिवाय गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी. त्यावर स्मॉल्सने उपसूचना टाकली: मग जो गोरा काळ्या बाईला ठेवेल त्याला सरकारी पद मिळू नये, आणि तिच्या मुलाला बापाचं नाव आणि मालमत्तेत वाटा मिळावा. स्वतः स्मॉल्सचा बापही गोराच असावा, असं मानतात. समोर बसलेल्यांपैकी कितीजण खाली बघत असतील!

उपसूचना अर्थातच पडली. शेवटी घटनेवर सही करायची वेळ आली, तर याने नकार दिला. सही नाही तर भत्ता नाही, अशी टूम निघाली. सही करण्यापेक्षा ब्यूफर्टला चालत जाईन, म्हणाला. राज्याची राजधानी कोलंबिया, जिथे हे सगळं चाललं, तिथून ब्यूफर्ट म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गडी तेव्हा ५६ वर्षांचा.