पाच रुपयांचा परवाना आणि मुंबईची संध्याकाळ : आमची वाटचाल

मुंबईच्या फोर्ट आणि कुलाबा भागात संध्याकाळी पायी फिरत, वाटेतल्या तीन जुन्या परमिट रूममध्ये, म्हणजे परवाना असलेल्या बारमध्ये, थांबत, या शहराने दारू कशी गाळली, कशी विकली, कशी बंद केली आणि पुन्हा कशी सुरू केली याची हकिकत सांगण्याचा व्यवसाय आम्ही २०१६ साली सुरू केला. भागीदार आम्ही दोघे. मी त्याआधी परदेशी पर्यटकांच्या सहली आखणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते; माझे भागीदार इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण संपवून एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात अबकारी खात्याचे जुने कागद चाळत बसणारे गृहस्थ होते. ते स्वतः दारूला शिवत नाहीत, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्यांना फार उशिरा कळते आणि कळल्यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

आमच्या कामाला लोक सर्रास ‘बार वॉक’ म्हणतात. आम्ही मात्र पावतीवर आणि पत्रकावर ‘संध्याकाळची इतिहासफेरी’ असेच छापतो आणि कोणत्याही छायाचित्रात भरलेला ग्लास दाखवत नाही, कारण मद्याची जाहिरात करण्यास दारूबंदीच्या कायद्यातच मनाई आहे. कोणता दारूबंदीचा कायदा, असा प्रश्न इथे हमखास येतो. गुजरात कोरडा आणि महाराष्ट्र ओला असा सर्वसाधारण समज असला, तरी दोन्ही राज्यांना तोच कायदा वारशाने मिळाला आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आपल्याकडे कधीच रद्द झाला नाही. त्याचे नाव बदलले, अटी सैल झाल्या, पण मूळ तत्त्व कायम राहिले. परवाना नसेल तर महाराष्ट्रात दारू पिणे आजही गुन्हा आहे. आमची सगळी फेरी या एका विसंगतीभोवती उभी आहे, आणि व्यवसायही.

म्हणून पहिल्या टेबलावर मेनूकार्डाच्या आधी परवान्यांचे पुस्तक येते. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजीवन परवाना हजार रुपयांना मिळतो. बहुतेक ठिकाणी वेटर हा विषय काढत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. आम्ही मात्र प्रत्येकाकडून तो कागद भरून घेतो. नाव, वय, पत्ता लिहून झाल्यावर आमचा वाटाड्या त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायला सांगतो, आणि आरोग्य राखण्यासाठी व टिकवण्यासाठी मद्य बाळगण्याची व पिण्याची परवानगी देण्यात येत आहे, अशा अर्थाचे ते वाक्य वाचताना सगळ्या टेबलावर हशा पिकतो. त्यात नाशिक जिल्ह्यात तयार झालेली व्हिस्कीसुद्धा कागदोपत्री ‘विदेशी’च. तो हशा ओसरायच्या आत १९४९ ची गोष्ट सुरू करायची, हे आम्ही प्रत्येक नव्या वाटाड्याला शिकवतो. परवान्याचा आग्रह धरताना आमच्या डोक्यात फक्त कायद्याचे पालन होते. पुढे तोच कागद आमच्या कथनाचा सर्वांत भक्कम आरंभ ठरला.

वयाच्या अटीवरून मात्र अजूनही कुरबूर होते. बिअर आणि वाइनसाठी २१, इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि तेविशीतल्या तरुणाला त्याच्या मित्रांसमोर व्हिस्की नाकारणे हे सुखाचे काम नाही. आम्ही ते करतो. ज्यांना पटत नाही त्यांना पैसे परत देतो.

सुरुवातीला खरी अडचण बारमालकांना समजावण्याची होती. फोर्टमधील पुष्कळ परमिट रूम उडुपी-मंगळुरू भागातून आलेल्या तुळूभाषक कुटुंबांच्या आहेत आणि ही मंडळी हिशेबाला पक्की. दहाबारा माणसे येणार, दीड-दोन तास टेबले अडवणार, त्यातला निम्मा वेळ ग्लास बाजूला ठेवून गोष्ट ऐकणार आणि माणशी फार तर दोन पेग होणार, हा प्रस्ताव कोणत्या धंदेवाल्याला आवडेल? एका मालकांनी मला शांतपणे विचारले, “मॅडम, तुम्ही गिऱ्हाईक आणताय की शाळेची सहल?” आमच्याकडे त्यांना देण्यासारखी एकच गोष्ट होती. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात, कचेऱ्या सुटून गर्दी जमण्याआधी, आणि त्यातही मंगळवारी, या जागा रिकाम्या असतात. त्या रिकाम्या वेळेसाठी आम्ही ठरावीक आगाऊ रक्कम दिली आणि कमिशन घेणार नाही असे लेखी दिले.

कमिशन न घेण्याचा निर्णय अनेकांना अव्यवहारी वाटला. माझे मत आजही तेच आहे: पेगामागे पैसे मिळू लागले की वाटाड्याची जीभ इतिहासाकडून बाटलीकडे वळते. शिवाय बारमध्ये मद्य विकण्याचा एफएल-३ परवाना आमच्याकडे नाही, त्यामुळे दारू आम्ही विकत नाही आणि विकू शकतही नाही. सहभागी माणूस फेरीचे शुल्क आम्हाला देतो आणि मद्याचे बिल थेट बारला. आमच्या पावतीवर जीएसटी असतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने बारच्या बिलावर मूल्यवर्धित कर असतो. दोन पावत्या का, हे समजावण्यात पाच मिनिटे जातात, पण दारूने सरकारी तिजोरी कशी भरते या विषयाला हात घालायला त्याहून सोपी वाट नाही.

तिजोरीचा हा धागा आम्ही काळा घोड्यापाशी उचलतो. तिथली जुनी वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभी राहिली आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईने पहिल्यांदा तिथेच पाहिली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आम्ही त्याच काळातली दुसरी बाजू सांगतो. हॉटेलात गोरे साहेब बाहेरून आलेली दारू पीत होते, तेव्हा १८७८ च्या अबकारी कायद्याने इलाख्यातल्या ताडीवर आणि मोहाच्या दारूवर सरकारची पकड आवळली होती. ताडीच्या झाडामागे कर बसला, गावठी भट्ट्या बंद पडून गाळप मोजक्या ठेकेदारांच्या हाती गेले, आणि १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. शतकानुशतके माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याला आपल्याच झाडाची ताडी काढायला सरकारची चिठ्ठी लागू लागली. श्रोत्यांच्या खिशात नुकताच भरलेला परवाना असतो, त्यामुळे हे वेगळे समजवावे लागत नाही.

पुढे कुलाबा कॉजवेवर १८७१ चे लिओपोल्ड आणि १९३२ चे मोंडेगार ही दोन्ही इराणी मंडळींनी सुरू केलेली ठिकाणे लागतात. तिथे आम्ही आत बसत नाही, कारण गर्दीत गोष्ट ऐकूच येत नाही. लिओपोल्डसमोर एक नियम मात्र कडक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीविषयी जे सांगायचे ते वाटाड्या बाहेरच, थोडक्यात सांगतो. तिथे काम करणाऱ्या कोणालाही त्याबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्याच्या आघातावर आपली करमणूक उभी करणे आम्हाला पटत नाही.

दुसऱ्या थांब्यावर दारूबंदी येते, आणि इथे आम्ही सर्वाधिक वेळ घेतो. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात पहिल्यांदा दारूबंदी लागू केली. अबकारी खाते सांभाळणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते, आणि दारूच्या धंद्यात पारशी समाजाचाच मोठा वाटा असल्याने त्यांना घरच्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर नवा कर बसला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून, म्हणजे दांडीच्या मिठाला वीस वर्षे झाली त्या दिवशी, सगळे मुंबई राज्य कोरडे झाले.

या भागात श्रोत्यांना सर्वांत आवडतो तो बलसारांचा खटला. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान देताना व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि चक्क ओ-दी-कोलोन बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क मागितला होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी उचलली. अत्तराची बाटली सुटली, व्हिस्कीची अडकली. घटनेतील मूलभूत हक्कांवरच्या आरंभीच्या महत्त्वाच्या निकालांत याची गणना होते, आणि कायद्याचे विद्यार्थी फेरीला आले की इथे वाटाड्याला अर्धा तास सोडत नाहीत.

मग ‘आंटी’ची गोष्ट. दारूबंदीच्या वर्षांत धोबी तलाव, माहीम, वांद्रे या भागांतील कित्येक गोवेकर आणि ईस्ट इंडियन (मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती) घरांत समोरच्या खोलीत बाकडी टाकून दारू मिळे. घर चालवणारी बाई ती आंटी. माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून अंगावर गुंडाळून आणला जाई, उकडलेली अंडी आणि चणे हा चकणा असे, पेल्यात नवटाक ओतली जाई, आणि गल्लीच्या टोकाला बसलेल्या पोराने शीळ घातली की बाकडी भिंतीला लागत. ही हकिकत रंगवून सांगणे सोपे आहे, आणि धोकाही तिथेच आहे. आंटी ही बहुधा घरात दुसरी मिळकत नसलेली बाई होती, हप्ता तिला द्यावाच लागे, आणि हातभट्टीच्या त्याच धंद्यातून पुढे टोळ्या पोसल्या गेल्या. २०१५ मध्ये मुंबईतल्याच मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, हे आमचा वाटाड्या याच ठिकाणी सांगतो. काही सहभागींना तेवढ्याने संध्याकाळ बिघडल्यासारखी वाटते. आम्ही तो भाग गाळलेला नाही.

पहिली काही वर्षे फेऱ्या इंग्रजीतच होत्या. मराठीत सुरू करताना ‘मराठी माणूस बारमध्ये बसून इतिहास ऐकेल का?’ अशी शंका आमच्या हितचिंतकांनी बोलून दाखवली होती. ऐकतो, उलट तो मध्येच थांबवून स्वतःचे सांगतो. एका मराठी फेरीत साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीबरोबर आल्या होत्या. त्यांनी लिंबूसरबत मागवले, सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाल्या, “तुमच्या गोष्टीत पिणारे आहेत, विकणारे आहेत, सरकार आहे. बंद पाडणाऱ्या बाया कुठे आहेत?” गावातले दुकान बंद करण्यासाठी झालेल्या मतदानात त्यांनी स्वतः आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला होता. २००८ च्या नियमांनुसार निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद करावे लागते. गडचिरोली आणि काही वर्षे चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या दारूबंदीमागेही असेच जनमत होते. त्यानंतर तिसऱ्या थांब्यावरचे आमचे कथन पुन्हा लिहिले गेले आणि उभी-आडवी बाटली त्यात कायमची आली. त्या बाईंना आम्ही नंतर कळवले. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्याही बरोबर होत्या.

तिसरा थांबा परमिट रूमच्या जन्माचा. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत परवाने सढळ झाले, आंटीचे गिऱ्हाईक पंख्याखालच्या खुर्चीत येऊन बसले, आणि पितळी मापाने साठ मिलिलिटर मोजून देणारा वेटर हे शहरातले नवे पात्र तयार झाले. आम्ही जिथे थांबतो तिथले सर्वांत जुने वेटर माप पेल्यात उलटे करून क्षणभर तसेच धरतात, शेवटचा थेंब पडेपर्यंत. ही त्यांची सवय पाहायला लोक दुसऱ्यांदा येतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ठरलेल्या मानधनावर ते आता फेरीत पंधरा मिनिटे स्वतः बोलतात.

देशी दारूच्या गुत्त्यात न्या, अशी मागणी नेहमी येते, विशेषतः परदेशी पाहुण्यांकडून. आम्ही नेत नाही. दिवसभर हमाली करून आलेल्या माणसाला त्याच्या संध्याकाळी प्रेक्षक लाभावेत, असे त्याने कधी म्हटलेले नाही.

मार्च २०२० मध्ये सगळे थांबले. राज्यातले बार ऑक्टोबरमध्ये अर्ध्या आसनक्षमतेने उघडले, पण अनोळखी माणसांनी एका टेबलाभोवती बसायला त्यानंतरही बराच काळ गेला. आमच्या एका थांब्याची परमिट रूम त्यात कायमची बंद झाली आणि मार्ग नव्याने आखावा लागला. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यावरचा मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. तेव्हापासून दुसरा पेग मागवणारे कमी झाले आणि बारमालक आमच्या मंगळवारच्या टेबलांकडे जरा अधिक प्रेमाने पाहू लागले. कोरड्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबरला किंवा मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत, आम्ही फेरी रद्द करत नाही, चहावर काढतो. ती सर्वांत लवकर भरते.

सध्या धोबी तलावाच्या मार्गाची तयारी सुरू आहे. जेर महालमध्ये गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ आहेत, जिथे जहाजावर चढण्याआधी खलाशी मुक्कामाला असत. तिथल्या दोन मंडळांनी आम्हाला बोलायला वेळ दिला आहे, एकाने ‘पाहुणे आणा, पण शनिवारी नको, त्या दिवशी आमची प्रार्थना असते’ असे कळवले आहे, आणि त्या भागात बसण्याजोगी, आवाज पोहोचेल अशी परमिट रूम शोधणे बाकी आहे. पावसाळा संपल्यावर पहिली फेरी मराठीतच काढायची, एवढे ठरले आहे.