आमची वाटचाल: मापपत्रकाच्या अकरा ओळी

इतक्या वर्षांत खोक्यांच्या धंद्यात कमावलं काय, असं कुणी विचारलं की मी टेबलाच्या खणातून एक कागद काढतो. आमचं मापपत्रक. ऑर्डर घेताना भरायचं. सुरुवातीला त्यावर तीनच रकाने होते: लांबी, रुंदी, उंची. आज अकरा ओळी आहेत. पहिली सोडली तर बाकीची प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या रद्दीत गेलेल्या मालाची पावती आहे.

धाकट्या भावाबरोबर खोक्यांचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक क्रीजिंग मशीन (घडीची रेघ, म्हणजे क्रीज, दाबणारं), एक स्लॉटिंग मशीन (खाचा कापणारं) आणि पिना मारायचं एक यंत्र होतं. पुठ्ठ्याची शीट बाहेरून यायची. भाऊ मशीनवर, मी ऑर्डरी आणायला. खोका म्हणजे पुठ्ठ्याला चार घड्या आणि एक जोड, त्यात शिकण्यासारखं काय असणार, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

पहिल्या मोठ्या ऑर्डरीनेच ते उतरवलं. पार्टीने फोनवर माप सांगितलं, ३०० × २०० × २०० मिलिमीटर. मी लिहून घेतलं, भावाने मशीन लावलं. ५०० खोके वेळेत पोचवले. दुसऱ्या दिवशी फोन: माल आत जात नाही. मी टेप घेऊन तावातावाने गेलो. खोका उलगडून जमिनीवर पसरला आणि मोजून दाखवला. क्रीज ते क्रीज बरोबर ३००. समोरच्या माणसाने काही न बोलता खोका पुन्हा उभा केला आणि आतून मोजला. २९६. उंची तर १९२ भरली.

झालं होतं असं की पुठ्ठा होता ४ मिलिमीटर जाडीचा. घडी पडते तेव्हा ती जाडी कुठेतरी जातेच, आणि ती आतल्या जागेतूनच जाते. म्हणजे एकाच खोक्याला तीन मापं असतात. आतलं, बाहेरचं आणि मशीनवर लावायचं क्रीजचं. आत नेट ३०० हवं असेल तर क्रीज ३०४ वर मारायची, मग बाहेरून खोका ३०८ भरतो. रुंदीचंही तसंच. उंचीला मात्र दुप्पट फरक पडतो, कारण वर दोन फ्लॅप, म्हणजे मिटायच्या पाकळ्या, एकावर एक बसतात आणि तळालाही दोन. आतली उंची २०० हवी तर क्रीज २०८ वर, आणि बाहेरून २१६. पुठ्ठा बदलला की हे आकडे बदलतात. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थराला फ्लूट म्हणतात. बारीक ई फ्लूट दीड मिलिमीटरच्या आसपास असतो, बी फ्लूट तीनच्या आसपास, पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, पुठ्ठा सहा-सातपर्यंत जातो.

त्या ५०० खोक्यांचे पैसे मिळाले नाहीत, मागायची हिंमतही झाली नाही. मापपत्रकावर दुसरी ओळ आली: ‘आतलं की बाहेरचं?’ तिच्याखाली तिसरी: ‘हे माप मालाचं की खोक्याचं?’ ही तिसरी ओळ वरवर बावळट वाटते. पण निम्म्या पार्ट्या मालाचं माप देतात आणि त्याला खोक्याचं माप म्हणतात. मालाच्या मापात थोडी मोकळीक धरावी लागते, नाहीतर भरणारा माणूस खोका फाडतो. किती मोकळीक, ते मालावर. ताठ डब्यांना थोडी पुरते, पिशवीबंद मालाला जास्त लागते, कारण पिशवी भरली की तिचं पोट सुटतं.

चौथ्या ओळीची गोष्ट जरा लांब आहे, पण फायद्याची आहे. एकाने लिहून पाठवलं, ४०० × ३०० × २००. आतलं माप, मिलिमीटरमध्ये, सगळं स्पष्ट. आम्ही खोका केला, माल बसला, तरी पार्टी वैतागली. त्यांना ४०० ही उंची हवी होती. मोठा आकडा आधी लिहायचा म्हणून त्यांनी तो आधी लिहिला. आम्ही तोंड ४०० × ३०० च्या बाजूला केलं आणि ‘ही बाजू वर’चा बाण आडवा झाला. आकडे तिन्ही बरोबर, खोका मात्र चुकलेला.

या धंद्यातला शिरस्ता असा की आधी खोक्याचं तोंड बघायचं. तोंडाची लांब बाजू ती लांबी, आखूड बाजू ती रुंदी, आणि तोंडापासून तळापर्यंतचं अंतर ती उंची. मग उंची तिन्हींत मोठी असली तरी चालते, ती शेवटीच लिहायची. आता आम्ही फोनवर आधी विचारतो, ‘माल वरून टाकणार की बाजूने सरकवणार?’

चुकलेले ते खोके बाजूला रचलेले असताना भावाने रात्री कागद काढला. आमचा नेहमीचा खोका म्हणजे वर-खाली चार-चार फ्लॅप, बाहेरचे दोन मधोमध भेटणारे. फेफ्को या युरोपीय संघटनेच्या यादीत याचा नंबर ०२०१. याला लागणारी शीट काढायला सोपी: लांबी आणि रुंदीच्या बेरजेची दुप्पट ही एक बाजू, रुंदी अधिक उंची ही दुसरी. जोडाची पट्टी आणि क्रीजची भर सोडून देऊ. तोंड ४०० × ३०० ला ठेवलं तर १४०० × ५००, म्हणजे ०.७० चौरस मीटर. पार्टीला हवं होतं तसं तोंड ३०० × २०० ला घेतलं तर १००० × ६००, म्हणजे ०.६० चौरस मीटर. तोच माल, तेवढीच पोकळी, फक्त तोंड फिरवलं आणि सातवा हिस्सा पुठ्ठा वाचला. कारण सरळ आहे. फ्लॅप रुंदीच्या निम्मे असतात, रुंदी मोठी की फ्लॅपमध्ये पुठ्ठा दुहेरी जातो.

पुढे कळलं की या जातीच्या खोक्याला सगळ्यात कमी पुठ्ठा लागतो तो लांबी, रुंदी, उंची २:१:२ असली की. चौकोनी ठोकळ्यासारखा खोका स्वस्त पडत असेल असं मी धरून चाललो होतो. तेवढ्याच पोकळीसाठी त्याला सुमारे १२ टक्के जास्त पुठ्ठा लागतो. अर्थात माल आडवा पडू द्यायचा नसेल, किंवा उंच खोका कलंडत असेल, तर हे गणित बाजूला ठेवावं लागतं. पण तेव्हापासून आम्ही पार्टीला तोंडाचे दोन पर्याय मांडून देतो. टिकलेल्या गिऱ्हाइकांपैकी बरेच या एका गोष्टीवर टिकले, असं माझं मत आहे. भाऊ म्हणतो, उधारीवर टिकले.

आता टेपबद्दल, कारण हा किस्सा माझ्या नावावर आहे. टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी हलते, खुळखुळते. मला वाटलं टेप बिघडली. हातोडीने दोन ठोके मारून आकडी पक्की केली आणि स्वतःवर खूश झालो. ती आकडी मुद्दाम सैल ठेवलेली असते. स्वतःच्या जाडीएवढी ती मागेपुढे सरकते. बाहेरून मोजताना कडेला अडकवून ओढली की पुढे येते, आतून मोजताना भिंतीला टेकवून दाबली की मागे जाते, म्हणजे दोन्ही वेळा शून्य जागेवर राहतं. मी ठोकून बसवल्यावर आमची आतली मापं साधारण मिलिमीटरभर कमी यायला लागली. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

तसंही खोक्याच्या आत टेप कोपऱ्यात वाकते आणि आकडा अंदाजाने वाचावा लागतो. आम्ही लाकडाच्या दोन सपाट पट्ट्या ठेवल्या आहेत. एकीवर एक धरून आत घालायच्या, दोन्हीकडच्या भिंतींना टेकेपर्यंत सरकवायच्या, अंगठ्याने घट्ट दाबून बाहेर काढायच्या आणि मग शांतपणे पट्टीने मोजायच्या. याहून भरवशाचं साधन मला अजून मिळालेलं नाही.

बाटल्यांच्या ऑर्डरीने माप एका नगावर घ्यायचं नाही हे शिकवलं. हातातली बाटली ७८ मिलिमीटर भरली, पण लॉटमध्ये ७९ ची पण निघाली. बारा बाटल्या, चार गुणिले तीन, मध्ये ३ मिलिमीटरच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. चार बाटल्यांचे ३१२ आणि तीन पट्ट्यांचे ९ मिळून ३२१ होतात, पण प्रत्येक बाटली मिलिमीटरने फुगली की मोकळीक खाऊन टाकते. आता लॉटमधून दहा नग मागवतो, त्यातले जाड निवडून पट्ट्यांसकट ओळीत मांडतो आणि ओळच मोजतो. झाकणासकट.

इंच आणि मिलिमीटरच्या घोळावर जास्त लिहीत नाही. १२ इंच म्हणजे ३०४.८, ‘साधारण ३००’ नव्हे. पत्रकावर फक्त मिलिमीटर.

बाहेरच्या मापाचं महत्त्व कळायला उशीर लागला, कारण माल बसला की आमचं काम संपलं असं आम्ही समजायचो. एका पार्टीचे पॅलेट (माल रचून उचलायचे पाट) १२०० × १००० चे होते आणि त्यांनी ४०० × ३०० चा खोका मागितला होता. आमच्या नव्या सवयीप्रमाणे आम्ही आतलं माप ४०० × ३०० धरलं, पाच प्लायमध्ये. बाहेरून ४१२ × ३१२ झाला. ४०० × ३०० असता तर एका थरात बरोबर दहा बसले असते: चारची एक रांग, तीनच्या दोन. आमचे आठच बसले. त्यांच्या माणसांनी दहा बसवायचेच म्हणून कडेबाहेर लोंबते ठेवले. खोक्याची ताकद असते कोपऱ्यांत. कोपरा हवेत गेला की खालचा थर चेपतो, आणि तो चेपलाच.

कुरिअरवाल्यांचा हिशेबही बाहेरच्याच मापावर. सेंटिमीटरमधल्या तिन्ही बाजूंचा गुणाकार करून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ४० × ३० × २५ चा खोका आत पिसं असली तरी ६ किलोचा धरला जातो. खोका फुगला असेल तर ते फुगलेल्या पोटावर टेप लावतात.

अकरावी ओळ सगळ्यात नवी. सॅम्पल खोका पास झाला, सही झाली, छपाईची प्लेट बनली, माल निघाला. मधल्या काळात पार्टीने बाटलीचं झाकण बदललं होतं, दिसायला छान म्हणून. नवं झाकण जुन्यापेक्षा ६ मिलिमीटर उंच. फ्लॅप मिटेनात. या वेळी चूक आमची नव्हती, पण खोके आमच्याच अंगणात परत आले, कारण ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. भावाने पत्रक घेतलं आणि सर्वात खाली पेनने लिहिलं: ‘सहीनंतर मालात काही बदलणार आहे का? झाकण, लेबल, पिशवी?’ पुढच्या छपाईत ती ओळ टाइप करून घ्यायची आहे. सध्या तरी पेनचीच आहे.