समेवर कोणीच नाही

गेले पंधरा दिवस मुलुंडहून ऑफिसला जाता-येता एकच अल्बम लावतेय, लंडनच्या सॅक्सोफोनवाल्या नुबाया गार्सियाचा 'सोर्स', २०२० चा. सॅक्सोफोन जॅझचा, पण खाली बेस चाललाय तो पक्का जमैकाच्या रेगेचा आणि मला पहिल्या दिवशी कळेचना की ठेका धरताना मी सारखी चुकतेय कुठे.

लहानपणी तबला शिकायचे तेव्हा सर सांगायचे, कुठेही भटकून ये पण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ये. आणि रेगेच्या वन ड्रॉप नावाच्या ठेक्यात चारातली पहिली मात्राच रिकामी! किक आणि स्नेअर, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम आणि काठीने वाजवायचा छोटा, दोन्ही एकदम तिसरीवर पडतात, म्हणजे आपण जिथे सगळ्यात जास्त वजन टाकतो तिथे यांच्याकडे खाली. हे कळलं आणि सगळं गाणंच वेगळं ऐकू यायला लागलं.

मला आधी वाटायचं की जॅझवाल्यांनी नंतर कधीतरी वरून रेगे भुरभुरवलं, मिसळीवर शेव टाकतात तसं. पण तसं नाहीच आहे. १९६४ मध्ये जमैकात स्कॅटलाइट्स नावाचा बँड जमला, त्यातले कितीतरी जण जॅझच वाजवत मोठे झालेले, त्यांनीच स्का नावाचं नाचायचं संगीत घडवलं आणि रेगे त्यातूनच पुढे आलं. त्याच काळातला मोठा गिटारवाला अर्नेस्ट रँग्लिन, त्याचा भाचा गॅरी क्रॉस्बी लंडनमधला डबल बेसवाला, त्याने आणि जॅनिन आयरन्सने १९९१ मध्ये टुमॉरोज वॉरियर्स सुरू केलं, तरुण मुलांना जॅझ शिकवायला. नुबाया तिथलीच. एझ्रा कलेक्टिव्ह या बँडची मुलंही तिथेच भेटली, ज्यांना २०२३ मध्ये मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं, जॅझवाल्यांना पहिल्यांदाच. म्हणजे हे घराणंच झालं की, अगदी आपल्यासारखं!

इलेक्ट्रॉनिक संगीताचं मूळ पण तिकडेच सापडतं. किंग टबी हा किंग्स्टनमधला रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, त्याने सत्तरच्या दशकात तयार गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकला, नुसते ड्रम आणि बेस ठेवले आणि मधेच एखादा फटका इकोमध्ये सोडून दिला. तेच डब. मिक्सरच वाद्य झालं. आता जॅझवाले स्टेजवर तेच करतात आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की सॅक्सोफोनवाली एक छोटीशी जागा घेते आणि थांबते, तिचाच सूर इकोमधून परत येतो, मग ती त्याला उत्तर देते. आमच्या सरांचा तबला आणि पेटीवाल्या काकांचं चालायचं ना, तसंच, फक्त इथे समोर यंत्र.

मुंबईला जॅझ काही नवीन नाही, १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमध्ये वाजवत होता आणि पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट होताच. म्हणून फार वाटतं की कोणीतरी इथे ढोलकी आणि डबचा बेस एकत्र आणावा, ढोलकीला इतकी मोकळी जागा मिळाली तर ती काय बोलेल.

काल विक्रोळीच्या अलीकडे गाडी बराच वेळ उभी होती, तेव्हा खिडकीच्या गजावर ठेका धरून बघत होते. पहिल्या मात्रेला बोट वर उचलून ठेवायचं, बस एवढंच, पण चार-पाच आवर्तनं झाली की ते आपोआप खाली येतं. आज परत बघते.